मदत हवी आहे : मुलाच्या डेंग्यूत प्लेटलेट्स बघायच्या की हिमॅटोक्रिट?

इंदूरहून लिहितेय. मुलाला (वय ८) डेंग्यू झालाय, एनएस१ (डेंग्यूची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आलं. आज चौथा दिवस. डॉक्टरांनी घरीच ठेवलंय. रोज सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), भरपूर पाणी आणि तापाला फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन अजिबात द्यायचं नाही, असं बजावलंय. (शहर स्वच्छतेत पहिलं असलं तरी नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, घरोघरी टाक्या भरलेल्या. डेंग्यूच्या डासाला तेच साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं.)

प्लेटलेट्स काल १,४२,००० होत्या, आज ८८,०००. घरात नुसता गोंधळ. सासूबाई पपईची पानं वाटतायत, सुदामानगरच्या आत्या बकरीचं दूध पाठवतायत, आणि दिरांचा एकच धोशा, "प्लेटलेट्स चढवून घेऊ." त्यात सकाळपासून ताप उतरला, म्हणून निम्मे लोक खूशही आहेत.

मला खटकतंय ते वेगळंच. हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशी किती टक्के, तो आकडा) ३६ वरून ४० झालंय. लॅबनं प्लेटलेट्सचा आकडा ठळक छापलाय. ४० मात्र नॉर्मल रेंजमध्ये बसतं, म्हणून साधंच छापलंय. एसजीओटी (यकृताची तपासणी) १६०. डॉक्टर संध्याकाळी भेटतील. यावरून मूल गंभीर होईल का, हे आधी कळतं का? फेरिटिन, अल्ब्युमिन (रक्तातल्या प्रथिनांच्या तपासण्या) करून घ्यावं का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
मी लहान मुलांच्या वॉर्डात काम करते. संध्याकाळपर्यंत थांबू नका, दोन्ही आकडे आत्ता फोनवर सांगा. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच जपायचं असतं. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) झिरपू लागतो, रक्त दाट होतं आणि हिमॅटोक्रिट चढतं. पुढचे २४ ते ४८ तास धोक्याचे. छापील रेंज सोडा, मुलाच्याच आधीच्या आकड्याशी ताडून बघा. २० टक्के वाढ, म्हणजे इथे ४३ च्या वर, ही गळतीची ठळक खूण. तुमचं ११ टक्के वाढलंय, आणि प्लेटलेट्स त्याच वेळी झपाट्यानं उतरल्यात. ही जोडी जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या धोक्याच्या लक्षणांत आहे.

फेरिटिन चढणं, अल्ब्युमिन उतरणं यांचा गंभीर आजाराशी संबंध असतो, पण कुठल्याही एका तपासणीवर भाकीत करता येत नाही. एसजीओटी हजारावर गेलं तर मात्र तो गंभीर डेंग्यूच. रक्तस्राव नसताना ८८,००० ला प्लेटलेट्स चढवत नाहीत, दिरांना सांगा. पोटात दुखतंय का? सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, मूल मलूल, हातपाय गार, शू कमी, यातलं एकही दिसलं तर रिपोर्टची वाट बघायची नाही. आधी कधी डेंग्यू झाला होता का? विषाणूचे ४ प्रकार आहेत. दुसऱ्यांदा वेगळा प्रकार झाला तर धोका वाढतो.

धागाकर्ती
पोट दुखतंय म्हणतो. डेंग्यू तीन वर्षांपूर्वीही झाला होता. डॉक्टरांशी बोलले, आत्ताच ॲडमिट करायला बोलावलंय, हिमॅटोक्रिट दर काही तासांनी करणार आहेत. जुने रिपोर्ट घेऊन निघतोय.