महिन्याचा घरखर्च रोख पैशांत बसवायचा आहे, सुरुवात कशी करावी?

पारिजात

नमस्कार. गेल्या रविवारी मी आणि नवऱ्याने बसून एप्रिलचं बँक स्टेटमेंट ओळीनओळ वाचलं. यूपीआयचे १४३ व्यवहार निघाले. त्यातले दोनशे रुपयांच्या आतले वेगळे काढून बेरीज केली, ती ११,६४० रुपये झाली. यातलं निम्मं कशावर गेलं ते आम्हा दोघांनाही आठवेना. चैनीचं काही नव्हतं. वडापाव, नारळपाणी, पोरांच्या वह्यांचे खाकी कागद, रिक्षा, परत कोथिंबीर, परत ब्रेड. महिन्याच्या २२ तारखेला खात्यात १,९०० रुपये होते आणि सासूबाईंची बीपीची गोळी संपली होती. त्या रात्री झोप लागली नाही.

आम्ही पुण्यात धायरीला राहतो. दोघं, दोन मुलं (चौथी आणि सातवी) आणि सासूबाई. दोघांचा मिळून पगार हातात ७५,००० येतो. घराचा हप्ता २३,८०० जातो. वीज, सोसायटी मेंटेनन्स, इंटरनेट, मुलांची बस, विमा आणि औषधं धरून १३,२०० जातात, ते बँकेतूनच जाऊ देत. उरलेल्या ३८,००० मध्ये सगळं बसवायचं आहे आणि थोडी शिल्लकही टाकायची आहे.

माझी आई पगाराच्या दिवशी पैसे वेगवेगळ्या पुड्यांत बांधून कपाटात ठेवायची. तसं परत करावं असं मनात आहे, पण आता दूधवाल्यापासून सगळे स्कॅनच करा म्हणतात. कुणी हल्ली, म्हणजे गेल्या दोन-चार वर्षांत, रोखीने घर चालवलंय का? किती काढायचे, कधी काढायचे, कशात ठेवायचे? नवरा तयार आहे, पण "प्रत्येक चहाचा हिशेब देणार नाही" म्हणतो.

गोदाकाठ

ताई, आम्ही नाशिकला तीन वर्षं हेच करतोय. एकच सांगते, महिन्याचे पैसे एकदम पाकिटात घालू नका. आठवड्याचे घाला. मी पहिल्यांदा महिन्याच्या भाजीचे चार हजार एका पाकिटात ठेवले होते, १७ तारखेला संपले. पाकीट जाड दिसतं तोवर हात सैल राहतो. आठवड्याचं पाकीट मंगळवारीच पातळ दिसायला लागतं आणि बुधवारी बाजारात आपोआप शेपू-चुका घेतला जातो, फ्लॉवर राहतो.

आणि महिन्याचे चार आठवडे धरू नका. वर्षात ५२ आठवडे असतात. आठवड्याला २,२०० ठरवले तर वर्षाचे १,१४,४०० होतात, म्हणजे महिन्याला साधारण ९,५००. चार आठवड्यांनी गुणलं की ८,८०० दिसतात आणि पाच शनिवारांच्या महिन्यात घोळ होतो. माझं दोन वर्षं नेमकं तिथेच चुकत होतं.

आठवड्याच्या पैशांत फक्त भाजी, फळं, अंडी-मासे, ब्रेड, रिक्षा आणि वरखर्च. किराणा, दूध, गॅस आणि कामवाल्या मावशींचा पगार यात मिसळायचा नाही. ते महिन्याचं, वेगळ्या पाकिटात.

निवृत्त रोखपाल

मी ३१ वर्षं बँकेच्या काउंटरवर होतो, म्हणून तेवढंच सांगतो.

पैसे एटीएममधून रोज काढू नका. बचत खात्याला स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला ५ व्यवहार मोफत असतात. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महानगरांत ३ आणि इतर ठिकाणी ५. पुणे या नियमातल्या सहा महानगरांत येत नाही, तेव्हा तुम्हाला ५ मिळतील. त्यापुढे १ मे २०२५ पासून एका व्यवहाराला २३ रुपयांपर्यंत आणि वर कर लागतो. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर शिल्लक तपासणंही व्यवहारात मोजलं जातं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आठवड्याला एकदा काढलंत तर पाच शनिवारांच्या महिन्यातही एक पैसा जाणार नाही.

दुसरं, नोटा. पाचशेच्या नोटेने आठवडा चालत नाही. ती मोडली की संपली. शाखेत जाऊन १००, ५० आणि २० च्या नोटा मागा. सकाळी गर्दी व्हायच्या आत गेलात तर बहुतेक वेळा मिळतात. रिझर्व्ह बँकेने एटीएममध्येही १०० किंवा २०० च्या नोटा ठेवायला २०२५ मध्ये बँकांना सांगितलं आहे, पण माझा भरवसा काउंटरवरच जास्त.

घरात आठवड्याच्या खर्चापेक्षा फार रोकड ठेवू नका. शिल्लक टाकायची ती पगाराच्या दुसऱ्या दिवशी, महिनाअखेरीला नव्हे. पोस्टाची आवर्ती ठेव महिन्याला १०० रुपयांपासूनही सुरू होते, मुदत पाच वर्षांची. तुम्ही ६,००० टाकू शकाल असं दिसतं.

वारणेकाठ

वरचे सगळे सल्ले योग्य आहेत, पण एक गोष्ट कुणी बोललं नाही. घर आठवड्याच्या खर्चाने कोलमडत नाही, वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चाने कोलमडतं. पारिजातताई, एक कागद घ्या आणि आत्ताच लिहा: शाळेची फी-पुस्तकं, गणपती-दिवाळी, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग, घरपट्टी, लग्नकार्याचे आहेर. माझा अंदाज धरून बघा. ४२,००० + १८,००० + ९,००० + ७,००० + ८,०००. झाले ८४,०००. म्हणजे महिन्याला ७,००० हे खर्च झालेलेच आहेत, फक्त बिल अजून आलेलं नाही. हे पैसे आधी बाजूला गेले नाहीत तर तुमची सगळी पाकिटं जूनमध्ये फुटतील.

मग तुमचं गणित असं बसतं: ३८,००० मधून ६,००० आवर्ती ठेव आणि ७,००० वर्षाचे. राहिले २५,०००. किराणा ७,५००, दूध ३,०००, मावशी ३,५००, गॅस ९००. त्यातून आठवड्यांचे ९,५०० वजा केले की सहाशे रुपये उरतात. तंग आहे, पण बसतं.

पहिल्या वर्षी एक अडचण येईल. मे महिन्यात सुरुवात केलीत तर दिवाळीपर्यंत सणांचे नऊ हजारच साठतील, अठरा नाही. यंदाची दिवाळी त्या नऊ हजारांतच करा, कर्ज काढून अठराची करू नका. आणि जूनची शाळा यंदा आहे त्या पैशांतूनच जाईल, तेव्हा आवर्ती ठेव जुलैपासून उघडली तरी चालेल. वर्षाचे पैसे वेगळ्या बचत खात्यात ठेवा आणि त्या खात्याला यूपीआय जोडूच नका.

तळकोकण

माझा अनुभव उलटा आहे, तोही सांगायला हवा. मी सहा महिने पाकिटं केली आणि सोडून दिली. मी दिवसभर फिरतीवर असतो, सुट्टे नसतात, दुकानदार म्हणतो स्कॅन करा. मग मी स्कॅन करायचो आणि घरी आल्यावर पाकिटातून तेवढे काढायचे विसरायचो. दोन्हीकडून खर्च.

शेवटी यूपीआय लाइट, म्हणजे फोनमध्ये आधी पैसे भरून ठेवायचं छोटं पाकीट, वापरायला लागलो. त्यात एका वेळी जास्तीत जास्त ५,००० ठेवता येतात आणि एका व्यवहाराला १,००० पर्यंत देता येतात. मी सोमवारी १,२०० भरतो. आपोआप भरण्याची सोय मुद्दाम बंद ठेवली आहे. संपले की आठवडा संपला. तुमच्या नवऱ्यांना हे जमेल. त्यांचा हातखर्च त्यात टाका आणि त्याचा हिशेब खरंच मागू नका. तुमचाही तेवढाच ठेवा, त्याचाही हिशेब नको.

गोदाकाठ

तळकोकण यांच्याशी सहमत. हातखर्च सगळ्यांना हवा. आणि पारिजात, सासूबाईंनाही. माझ्या सासऱ्यांकडे साधा फोन आहे. घरात सगळं यूपीआयवर गेलं तेव्हापासून त्यांच्या हातात पैसाच राहिला नव्हता. दाराशी पेरूवाला आला तरी ते आम्हाला ऑफिसात फोन करायचे. वर्षभर आमच्या हे लक्षातच आलं नाही, याची मला अजून खंत वाटते. आता त्यांच्या खिशात दर शनिवारी ३०० रुपये असतात.

आणि दुधाचं: कॅलेंडरवर लिहा. आम्ही कालनिर्णयच्या चौकटीत रोजचे लिटर लिहितो, खाडा असेल तर फुली. महिनाअखेरीला दूधवाल्याची वही आणि आपलं पान समोरासमोर ठेवायचं.

पारिजात

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच आठवडे झाले, म्हणून सांगायला आले.

पहिल्या आठवड्याचे पैसे गुरुवारीच संपले. मुलीच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाची भेट त्यातून गेली, ती धरलीच नव्हती. शनिवारपर्यंत नवीन काढायचे नाहीत असं ठरवलं होतं, ते पाळलं. शुक्रवारी पिठलं-भाकरी, शनिवारी सकाळी मोडाची मटकी. मुलांनी कुरकुर केली नाही. धाकटा उलट पाकिटात डोकावून किती राहिले ते मोजायला लागला. तिसऱ्या आठवड्यात ३४० रुपये उरले, ते औषधाच्या डब्यात ठेवले. किराण्याचं मात्र अजून बसलेलं नाही, दोन्ही महिने आठ हजारांच्या वर गेला. तेल आणि तूरडाळ आधीच घाऊक भरून ठेवायची का, यावर कुणी सांगू शकलं तर बरं होईल.

नवऱ्याने यूपीआय लाइट घेतलं आहे. मी विचारत नाही.

गोदाकाठ, तुमचं वाचून मी त्याच दिवशी सासूबाईंना ४०० रुपये दिले. त्यांनी दोनदा परत केले, मग ठेवून घेतले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले तर ओट्यावर भाजी निवडून ठेवलेली होती आणि मुलाची जुनी अर्धी वही उघडी होती. त्यांचं अक्षर मोठं आणि थोडं थरथरतं आहे. पहिल्या ओळीत लिहिलं होतं: कोथिंबीर १५, जुडी लहान. खाली: दोडकी पाव किलो २०, कोवळी मिळाली. गेल्या आठवड्यापासून भाजीचं पाकीट मी त्यांच्याकडेच दिलं आहे. मंडईच्या दिवशी मला फक्त पिशवी धरायला बोलावतात.