चुंबक वीज देता देता रिता का होत नाही?

सायकलस्वार
माझी मुलगी दहावीत आहे. विद्युत चुंबकीय प्रवर्तनाचा धडा वाचताना तिने विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही, म्हणून तो येथे मांडतो. माळ्यावरची माझी जुनी सायकल खाली काढून तिच्या टायरला टेकणारा डायनॅमो आम्ही उघडून पाहिला. मधोमध फिरणारा एक गोल चुंबक, त्याच्याभोवती लोखंडी पट्ट्या आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे, एवढाच आतला संसार. सेल वापरला की संपतो आणि फेकून द्यावा लागतो. मग कित्येक वर्षे दिवा पेटवूनही हा चुंबक अजून टाचण्या कसा उचलतो? चुंबकातून वीज निघत असेल, तर त्यातले काहीतरी कमी व्हायला नको का? आणि कोयनेच्या वीजगृहात असेच, फक्त मोठे चुंबक असतात का?

जुना विज्ञानशिक्षक
चुंबकातून वीज निघते, हे गृहीतकच आधी तपासायला हवे. तारेतून विद्युतधारा वाहू लागली की शेजारची चुंबकसूची हलते, हे ओर्स्टेड यांनी 1820 मध्ये दाखवल्यावर याच्या उलट, म्हणजे चुंबकापासून धारा मिळवण्याची खटपट सुरू झाली, आणि ती बरीच वर्षे फसत राहिली, कारण चुंबक तारेजवळ नुसता ठेवून काहीच घडत नाही. 1831 मध्ये फॅरेडे यांनी लोखंडी कड्यावर दोन वेगळी वेटोळी गुंडाळली, तेव्हा एका वेटोळ्यातील धारा सुरू किंवा बंद करण्याच्या क्षणीच दुसऱ्या वेटोळ्याला जोडलेली सूची झटका देत होती. धारा स्थिर वाहत असताना ती जागची हलत नव्हती. वेटोळ्यातून जाणाऱ्या चुंबकीय बलरेषा बदलत असतील तेवढाच वेळ वीज निर्माण होते, हे त्यातून उलगडले.

आता तुमच्या कन्येच्या प्रश्नाचा गाभा. वेटोळ्यात धारा वाहू लागली की ते वेटोळे स्वतःच चुंबक बनते आणि ज्या बदलामुळे ती धारा उत्पन्न झाली त्या बदलालाच विरोध करते. लेंझ यांनी हा नियम 1834 मध्ये मांडला. चुंबकाचा उत्तर ध्रुव आत ढकला, तर वेटोळ्याचे समोरचे टोक उत्तर ध्रुव होऊन त्याला मागे रेटते. तो बाहेर ओढा, तर तेच टोक दक्षिण ध्रुव होऊन त्याला धरून ठेवते. हा विरोध मोडून काढताना केलेले कार्य म्हणजेच तुमची वीज. जात्यातून पीठ पडते म्हणून ते जात्याचे होत नाही, दाणे आणि हात दोन्ही बाहेरून यावे लागतात. (जात्याला निदान अधूनमधून टाकी लावावी लागते, चुंबकाला तीही नाही.) चुंबक दुबळा होतो तो फार तापल्याने, हातोडीसारखे जोराचे धक्के बसल्याने किंवा प्रबळ विरुद्ध क्षेत्रात सापडल्याने, दिवा पेटवण्याच्या खर्चाने नव्हे.

घरीच पडताळा पाहायचा असेल, तर सायकलचे मागचे चाक अधांतरी धरून पॅडल हाताने फिरवा आणि दिव्याची तार एकदा जोडून, एकदा सोडून फरक बघा.

निवृत्त वीजकर्मचारी
वरील विवेचनाला जोड म्हणून वीजगृहातील गोष्ट सांगतो. तेथील रोटरवर, म्हणजे फिरणाऱ्या भागावर, तुमच्या डायनॅमोसारखे कायमचे चुंबक नसतात. लोखंडी ध्रुवांवर तारेची वेटोळी असतात आणि त्यांत एकदिश धारा सोडून चुंबकत्व आणले जाते, कारण ही धारा कमीजास्त करून विजेचा दाब काबूत ठेवता येतो. कोयनेच्या चौथ्या टप्प्यातील चार संचांपैकी प्रत्येक संच 250 मेगावॅटचा आहे. तेथे सायकलवरच्या पायांचे काम डोंगराच्या पोटातून कोकणाच्या बाजूला खाली सोडलेले पाणी करते. संध्याकाळी घरोघरी दिवे लागले की स्टेटरमधील, म्हणजे रोटरभोवतीच्या स्थिर वेटोळ्यांतील, धारा वाढते, रोटरला होणारा विरोध वाढतो आणि त्याची गती किंचित उतरू लागते. मग गव्हर्नर, म्हणजे गती सांभाळणारी यंत्रणा, टर्बाइनकडे अधिक पाणी सोडतो आणि वारंवारता 50 हर्ट्झच्या आसपास टिकते.

एक आठवण विषयाला धरूनच आहे. बरेच महिने बंद पडून असलेला एक डिझेल जनरेटर आम्ही सुरू केला, तेव्हा इंजिन उत्तम चालले, पण विजेच्या दाबमापकाचा काटा शून्यावरून हलेना. असे संच ध्रुवांच्या लोखंडात उरलेल्या थोड्याशा चुंबकत्वावर पहिली वीज तयार करतात आणि तिच्याच आधाराने चुंबकत्व वाढवत नेतात. ते उरलेले चुंबकत्वच नाहीसे झाले होते. विजेचा दाब सांभाळणारा रेग्युलेटर सोडवून फील्डच्या, म्हणजे ध्रुवांवरील वेटोळ्यांच्या, तारांना 12 व्होल्टची बॅटरी क्षणभर टेकवली आणि काटा सरसर वर चढला. याला आम्ही फ्लॅशिंग म्हणतो. माहीतगार माणूस सोबत नसेल तर हा प्रयोग कोणी करू नये.

सायकलस्वार
उभयतांचा आभारी आहे. पॅडल फिरवून पाहिले. दिवा जोडल्यावर चाक जड झाले हे मुलीला लगेच जाणवले. परंतु तार सोडल्यावरही ते पूर्ण हलके झाले नाही. धाराच वाहत नसेल, तर हा उरलेला विरोध कोणाचा?

जुना विज्ञानशिक्षक
बराचसा टायरवर दाबून बसलेल्या चाकीचा. थोडा आतल्या लोखंडाचाही, कारण चुंबक फिरताना त्या पट्ट्यांचे चुंबकत्व सतत उलटसुलट होते आणि पट्ट्यांच्या अंगातच लहान लहान भोवरधारा उठतात; त्या दिव्यापर्यंत पोहोचत नाहीत, लोखंड तापवण्यातच खर्च होतात. मोठ्या यंत्रांचा गाभा अखंड लोखंडाचा न करता एकमेकांपासून विलग ठेवलेल्या पातळ पत्र्यांचा रचतात, तो याच भोवरधारांना आवर घालण्यासाठी.