मदत हवी आहे: सेकंडहँड सॅस डिस्क ० जीबी दाखवतात

नमस्कार मंडळी,
लग्नाच्या शूटिंगचं फुटेज ठेवायला घरीच नॅस (नेटवर्कवरून वापरायची डिस्कची पेटी) बांधतोय. लॅमिंग्टन रोडवरून ४ टीबीच्या ६ जुन्या सॅस (सर्व्हरमध्ये वापरतात त्या) डिस्क उचलल्या. वर कुठल्याशा स्टोरेज कंपनीचं स्टिकर. नखाने खरवडलं तर खाली सीगेटचं मूळ लेबल! आयबीएमच्या एम१०१५ कार्डाला जोडल्या, उबुंटू लिनक्समध्ये सहाही डिस्क ० जीबी. लॉगमध्ये ‘अनसपोर्टेड सेक्टर साइज ५२०’. दुकानदार म्हणतो, "डिस्क चालू आहेत साहेब, तुमच्या मशीनला कळत नाहीत."

डिस्क सीगेटची, मग मधल्या कंपनीने तिच्यात हात का घालावा? आणि आता काय करू? पैसे बुडाले का?

खटपट्या:
नाही बुडाले. साध्या डिस्कचा सेक्टर, म्हणजे डेटा लिहायचा एक कप्पा, ५१२ बाइटचा. स्टोरेजवाले तो ५२० चा करून घेतात. वरच्या ८ बाइटमध्ये चेकसम वगैरे असतं, म्हणजे डेटा गुपचूप बिघडला किंवा भलत्याच जागी लिहिला गेला तर वाचताना पकडता येतो. लिनक्सला ५२० चालत नाही, म्हणून शून्य. एसजी-फॉरमॅट कमांडने साइज ५१२ करा, एफएमटीपीइन्फो ० द्या, म्हणजे जादा चेकसम बंद. जुना डेटा जाईल, तुम्हाला त्याचं काय!

जुना_सर्व्हरवाला:
डिस्कच्या आतलं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअरही बदलतात. घरगुती डिस्क खराब सेक्टर वाचायला बराच वेळ झगडत बसते. रेडमध्ये (अनेक डिस्कच्या एकत्र संचात) तेवढ्यात कंट्रोलर तिला मेली समजून बाहेर काढतो. म्हणून ‘पटकन हार मान’ असं फर्मवेअर. शिवाय सीगेट असो वा हिताची, सेक्टरांची संख्या अगदी सारखी करून घेतात. नाहीतर ऐन वेळी बदली डिस्क थोडीशी लहान निघते आणि रेड ती घेतच नाही. हे मी भोगलंय.

तुमचं कार्डही त्याच जातीचं: एलएसआय कंपनीची चिप, वर आयबीएमचं फर्मवेअर. नॅसवाले ते पुसून एलएसआयचं आयटी मोड फर्मवेअर टाकतात, म्हणजे कार्ड स्वतः रेड न करता डिस्क थेट मशीनला दाखवतं.

खटपट्या:
सगळंच तांत्रिक नाही हो. २०१० साली डेलच्या पर्क एच७०० रेड कार्डांनी बाहेरच्या डिस्क घ्यायलाच नकार दिला होता. गिऱ्हाइकांनी बोंब मारली तेव्हा अट काढली. थिंकपॅड लॅपटॉपमध्ये दुसरं वायफाय कार्ड घातलं की १८०२ एरर यायची. कंपनीवाले कारण सांगायचे रेडिओच्या मंजुरीचं, ते अर्धं खरंही होतं. पण सुटा भाग आमच्याकडूनच घ्या, हा हिशेब त्यात होताच.

धागाकर्ता:
आभार! पहिल्या डिस्कवर कमांड दिली, दीड तासात १९ टक्के. मधे वीज गेली तर?

जुना_सर्व्हरवाला:
फॉरमॅट अर्धवट राहील, डिस्क वाचता येणार नाही. घाबरू नका, पुन्हा पहिल्यापासून चालवायचं. यूपीएस आहे ना? आणि डिस्कवर पंखा सोडा, हात लावून बघा किती तापलीय.

धागाकर्ता:
यूपीएस २० मिनिटांचा. उद्या गुरुवार, आमच्याकडे सकाळी लाइट जाते. उरलेल्या पाच शुक्रवारी लावतो.