ढगांचंच गणित जमत नाही, मग तापमानाच्या आकड्यावर भरवसा कसा ठेवायचा?

कणकुंबीकर:
१९७९ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या चार्नी समितीनं सांगितलं, हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला की पृथ्वी १.५ ते ४.५ अंश तापेल. २०२१ च्या आयपीसीसी (संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलावरची समिती) अहवालात २.५ ते ४. एवढे सुपरकॉम्प्युटर आले तरी अजून दीड अंशाचा फरक आहेच, आणि त्याचं मोठं कारण ढग. खालचे दाट ढग ऊन परत पाठवतात, वरचे पातळ ढग उष्णता धरून ठेवतात, जग तापल्यावर यातले कुठले किती राहणार यावर हवामानाचा अंदाज काढणाऱ्या संगणकी मॉडेलांचं एकमत नाही. मग बेळगावकडच्या खानापूरच्या भातवाल्याला ठामपणे काय सांगणार? आधी गणित पक्कं करा की.

येळ्ळूरचा शेतकरी:
नाही पटलं. खालचा आकडा १.५ वरून २.५ वर आला ते बघा की! म्हणजे थोडक्यात निभावेल ही आशाच जास्त कमी झाली. आणि सगळंच अंदाजपंचे नाही. हवा १ अंश तापली की साधारण ७ टक्के जास्त वाफ धरते, वाफ उष्णता अडवते, त्यानं हवा अजून तापते. १९९१ ला फिलिपिन्सचा पिनातुबो फुटला, जग अर्धा अंशभर थंड झालं, वाफही घटली, आणि मॉडेलात हा वाफेचा परिणाम धरला तेव्हाच मोजलेली थंडी जुळली. परीक्षा झालीय याची.

कणकुंबीकर:
वाफेचं मान्य. पण पाऊस कुठं पडणार ते त्यातून कळतं का? ऑगस्ट २०१९ ला मलप्रभा, घटप्रभा दोन्ही नद्या फुगल्या, गोकाकात पाणी शिरलं, लगेच सगळे क्लायमेट चेंज म्हणून मोकळे.

निपाणीवाला:
तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय. जग किती तापणार हा एक प्रश्न, आपल्या तालुक्यात पाऊस किती हा दुसरा, आणि दुसरा जास्त अवघड. शिवाय अनिश्चितता दोन्हीकडं असते. सायबेरिया, अलास्काकडच्या गोठलेल्या जमिनीत हवेतल्यापेक्षा जवळपास दुप्पट कार्बन आहे, तो किती वेगानं सुटेल ते पक्कं माहीत नाही, म्हणून तो सुटणारच नाही असं धरायचं?

येळ्ळूरचा शेतकरी:
हेच म्हणतोय मी. आमच्या शिवाराकडच्या बळ्ळारी नाल्यात गाळ आणि जलपर्णी, जोराचा पाऊस झाला की पाणी उलटं शिवारात येतं, लावलेलं भात कुजतं, परत लावण करायची. तो नाला खोल करायला २.५ की ४ हे कळायची वाट कशाला?

कणकुंबीकर:
नाला आजच करा, त्याला ना नाही. पण धरण, कालवे पन्नास वर्षांसाठी बांधताना एकच आकडा पुढं करू नका, खालचा-वरचा दोन्ही लोकांसमोर ठेवा, यावर मी अडून राहणार.