एका घरात दोन श्रद्धा असताना मुलीच्या शिक्षणाचा निर्णय कसा घ्यावा?

प्रश्न
आमचे कुटुंब आदिवासी आहे. सासूबाई पूर्वजांच्या परंपरेप्रमाणे निसर्गपूजा करतात, माझे पती ख्रिस्ती आहेत आणि मी माहेरच्या जुन्या श्रद्धेतच वाढले. मुलगी यंदा पहिलीत जाईल. चर्चने चालवलेल्या शाळेत शिस्त आणि वाचनाची गोडी लागेल, असे पतींना वाटते. तिथे गेल्यावर नात आपल्या पूजेला अडाणीपणा समजू लागेल, ही सासूबाईंची भीती आहे. तिने खूप शिकावे यावर मात्र दोघांचेही एकमत आहे. अशा वेळी आपण काय केले असते?

प्रतिसाद १
सासूबाईंची भीती निराधार मानू नका. कॅनडात सरकारच्या पैशावर आणि बहुतांशी चर्चच्या व्यवस्थापनाखाली चाललेल्या निवासी शाळांत सुमारे १,५०,००० आदिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवले गेले आणि त्यांची भाषा व श्रद्धा पुसण्याचा प्रयत्न झाला. तेथील सत्य व समेट आयोगाने २०१५ च्या अहवालात याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटले. आजची प्रत्येक चर्चची शाळा तशीच असते, असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु घरची भाषा बोलल्यास मुलांना टोकले जाते का, प्रार्थना सक्तीची आहे का, हे प्रवेशापूर्वी स्पष्ट विचारावे.

प्रतिसाद २
संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील कलम १४ पालकांना धर्माच्या बाबतीत मार्गदर्शनाचा अधिकार देते, पण तो मुलाच्या वाढत्या समजुतीला धरून. कलम ३० आदिवासी मुलाला आपली संस्कृती, धर्म आणि भाषा जपण्याचा हक्क देते. मात्र आई आणि वडील यांच्या श्रद्धा वेगळ्या असतील तर कोणाचे मार्गदर्शन मानावे, हे कोणतेही कलम ठरवून देत नाही. ते घरातच बोलावे लागते. माझ्या मते सुरुवात भाषेपासून करावी. न्यूझीलंडमध्ये माओरी या तेथील मूळनिवासी समाजाने १९८२ मध्ये सुरू केलेल्या बालवाड्यांत आजी-आजोबांच्या पिढीने मुलांशी माओरीतच बोलायचे, हा मूळ विचार होता. आजीशी तिच्या भाषेत बोलता येणारी मुलगी कोणत्याही शाळेत गेली तरी आजीला परकी होत नाही.

प्रतिसाद ३
मी अशाच घरातला मुलगा आहे आणि आता शिक्षक आहे. लहानपणी मला धर्मांतील फरकाचा त्रास कधी झाला नाही. त्रास झाला तो एका श्रद्धेविषयी दुसऱ्या श्रद्धेच्या माणसाने माझ्यासमोर काढलेल्या उद्गारांचा, कारण त्या प्रत्येक वेळी आई आणि वडील यांतून एकाची निवड करायला मला कोणीतरी सांगत आहे, असे वाटे. शाळा कोणतीही निवडा, पण मुलीच्या कानावर असे बोलणे पडणार नाही, एवढे तुम्ही तिघांनी आधी ठरवा.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. काल हे सर्व प्रतिसाद पतींना वाचून दाखवले. शाळा पाहायला जाताना सासूबाईंनाही सोबत न्यावे, असे त्यांनीच सुचवले. प्रार्थनेचा प्रश्न त्या स्वतः विचारणार आहेत.