सातारा हिल हाफ मॅरेथॉननंतर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखतंय, जानेवारीची फुल सोडू का?

डोंबिवली_फास्ट_नाही:
नमस्कार मंडळी, साताऱ्याला यवतेश्वरचा घाट चढताना काहीच त्रास नव्हता, उतारावर शेवटी शेवटी उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला टाचणी टोचल्यासारखं सुरू झालं ते अजून आहे. सपाटीवर चालताना काही नाही, पळायला घेतलं की दोन-अडीच किमीला हमखास, आणि स्टेशनचा ब्रिज उतरताना कठडा धरून एकेक पायरी, मागून लोक वैतागतात. सूज नाही, गुडघा अडकत नाही. एक्सरे नॉर्मल. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि 'पळायचं कशाला या वयात' हे फुकटात. टाटा मुंबई मॅरेथॉनची फुल (४२ किमी) भरून बसलेय, पहिलीच आहे, आणि ग्रुपवर रोज सगळ्यांच्या लाँग रनचे फोटो. पूर्ण रेस्ट घेऊ की हळूहळू चालू ठेवू?

घाटमाथा:
ताई, आयटी बँड वाटतोय. मांडीच्या बाहेरून गुडघ्याखाली येणारा जाड पट्टा असतो, गुडघा साधारण ३० अंशात वाकला की तिथे दाब येतो आणि उतारावर नेमकं तेच सारखं होतं, म्हणून चढताना कळलं नाही. दुखतं गुडघ्यात पण ढिलाई बऱ्याचदा कंबरेच्या बाजूच्या स्नायूत असते. आरशासमोर दुखऱ्या पायावर उभं राहून थोडं खाली बसून बघा, कंबर दुसऱ्या बाजूला कलंडते का, गुडघा आत वळतो का. तसं असेल तर कुशीवर झोपून वरचा पाय उचलणे, क्लॅमशेल (कुशीवर गुडघे वाकवून, पावलं जोडलेली ठेवून वरचा गुडघा उघडणे), साइड प्लँक (कुशीवर कोपर टेकवून अंग उचलून धरणे), आणि जमायला लागलं की पायरीवरून एका पायावर सावकाश खाली येणे. फोम रोलरने (फोमचं नळकांडं, त्यावर मांडी घासतात ते) तो पट्टा लांबबिंब होत नाही, आजूबाजूच्या स्नायूंना बरं वाटतं इतकंच, त्यामुळे रडू येईपर्यंत रोल करू नका.

पहाटे_पाच:
एवढं काही नसतं हो, नी कॅप घाला आणि पळा, मी तसाच बरा झालो.

फिजिओ_पुणे:
नी कॅपने आधार वाटतो, कारण जात नाही. घाटमाथा यांच्याशी सहमत, पण इथे वाचून निदान पक्कं करू नका, खेळाडू बघणाऱ्या फिजिओला प्रत्यक्ष दाखवा. हाडावर एकाच जागी बोट दाबल्यावर कळ येत असेल, रात्री पडल्या पडल्या ठणकत असेल तर स्ट्रेस फ्रॅक्चरची शंका घ्यायची, तो सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्सरेत बहुतेक दिसतच नाही, एमआरआय लागतो. बायकांनी पाळी अनियमित झालीय का हेही डॉक्टरांना सांगावं, खाणं कमी आणि मायलेज जास्त झालं की हाडांवर येतं. आणि पेनकिलर खाऊन लाँग रन अजिबात नको, मुंबईच्या घामात अंगातलं पाणी गेलेलं असताना त्या गोळ्या किडनीला महागात पडू शकतात.
पूर्ण झोपून राहायची गरज नसते. न दुखता जेवढं पळता येतं त्याच्या आत थांबायचं, आत्ता तुमच्यासाठी म्हणजे दीड किमी, मध्ये मध्ये चालत, एक दिवसाआड, उतार टाळून. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना जास्त दुखलं तर पुढच्या वेळी कमी करा, नाही दुखलं तर थोडं वाढवा. एकदम महिनाभर बंद करून मग जुन्याच अंतराला हात घातला की बहुतेक जण परत माझ्याकडे येतात.

डोंबिवली_फास्ट_नाही:
आरशात बघितलं. कंबर चांगलीच कलंडते, नवऱ्याने व्हिडिओ काढून दाखवला तेव्हा हसूच आलं. हाडावर दाबून दुखत नाही. पण मग फुलचं काय?

घाटमाथा:
डिसेंबरच्या मध्यापर्यंत २५-२६ किमी न दुखता होत नसेल तर सोडा. शेवटच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ आहे, त्यावर सगळे बोलतात, तुम्हाला त्रास देणार तो त्यानंतरचा उतार. तोवर दम टिकवायला पोहा, किंवा खोल पाण्यात फ्लोट बेल्ट बांधून पाय न टेकवता पळण्याची हालचाल करा, कंटाळवाणं आहे पण गुडघ्यावर भार येत नाही. सायकल चालवून बघा, दुखलं तर सीट जरा खाली घ्या. आणि तो फोटोंचा ग्रुप म्यूट करा.

डोंबिवली_फास्ट_नाही:
ग्रुप म्यूट केला. खोल पाण्याचा पूल आमच्याकडे कुठे आहे का, जिथे बेल्ट बांधून उतरू देतात? कोच लोक लगेच शिट्टी मारतात.