मदत हवी आहे: जोडाक्षरं नसलेली, यमकातली गोष्टीची पुस्तकं

नमस्कार. आम्ही सांगलीत, विश्रामबागला राहतो. पुतणी पहिलीत आहे. तिच्यासाठी डॉ. स्यूस यांचं १९५७ चं 'द कॅट इन द हॅट' हे यमकातलं इंग्रजी गोष्टीचं पुस्तक पुन्हा वाचायला काढलं आणि थक्क झाले. वेगवेगळे शब्द फक्त २३६, तरी गोष्ट धावत राहते! यमकामुळे पुढचा शब्द मूल आधीच ओळखतं, चित्र बघून खात्री करून घेतं.

मराठीत असं काही सुचवाल का? काना-मात्रा चालतील, जोडाक्षरं शक्यतो नकोत, टाईप ठसठशीत. नुसती बडबडगीतं नकोत, सलग गोष्ट हवी. घरातली बहुतेक पुस्तकं मोठ्यांनी वाचून दाखवायची आहेत. तिला स्वतः वाचायचंय, आणि तो हट्ट मला फार मोलाचा वाटतो. ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स यांची कुठली घेऊ? सांगली-मिरजेत चाळून बघायला कुठे मिळतील?